चोपन्न मिलिमीटर

भोसरीत एकतीस वर्षं मी लोकांना सांगत आलो,
माप हे माप असतं.
पिन पॉइंट झीरो टू जाड असली तरी जाडच.
लाल टॅग, तार, पिळा, पुढची पेटी.

आता डॉक्टर शेवड्यांच्या पडद्यावर माझं लिव्हर,
करडं, आडवं कापलेलं.
गाठीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत
त्या माऊसनं एक पिवळी रेघ ओढतात.
पाच पॉइंट चार सेंटिमीटर.
पाचपर्यंत यादीत घेतात.

लीस्ट काउंट किती तुमचा? मी विचारतो.
त्या चमकून बघतात, मग हसतात.
सरोज टेबलाखालून चिमटा काढते.

दारू नाही हो, कधीच नाही.
हे मी आता रिक्षावाल्यालाही आपणहून सांगतो.
कावीळ होती, बी नावाची,
कधीपासून रक्तात बिऱ्हाड करून राहिलेली,
एक दिवस भाडं न देता.

नियम सरळ आहे, त्या म्हणतात.
गाठ एकच असेल तर पाचपर्यंत,
तीन असतील तर प्रत्येकी तीनपर्यंत,
आणि शिरेत शिरलेली अजिबात नको.
शिरली की नव्या लिव्हरातही तीच उगवते,
मग देणाऱ्याचं कापलेलं वाया.
हे शेवटचं त्या हळू बोलतात.
मला आधीच्या सगळ्यापेक्षा तेच पटतं.

बाहेर गाडीवर पेरू घेतला.
पिशवीत जुना व्हर्निअर असतोच.
तिसऱ्या पेरूला चोपन्न भरले.
पेरूवाला म्हणाला, काका, वजनावर देतो आपण.

भालके आठवला. टर्नर.
दिवाळीच्या आदल्या आठवड्यात चारशे बुशचा लॉट, बोअर मोठं.
साहेब, केसाएवढा तर फरक, कोणाला कळणार?
मी नो-गो गेज लावला.
जायला नको होता तो आत गेला,
तेल लावल्यासारखा अलगद.
चारशे टॅग मी स्वतः बांधले.
नंतर कँटीनमध्ये मी आलो की
भालके ताट उचलून दुसरीकडे बसायचा.

भोक मोठं झालं की इलाज नसतो.
पण पिन जाड असेल तर स्क्रॅप नाही,
पिवळा टॅग, रिवर्कचा रॅक, थोडं घासून बघायचं.
शेवडेबाई तेच सांगत होत्या, वेगळ्या शब्दांत:
मांडीतून नळी घालायची, गाठीचं रक्त तोडायचं,
तिथेच औषध सोडायचं,
तीन महिने थांबायचं, पुन्हा मोजायचं.
आटली, आणि आटलेलीच राहिली, तर कमिटीपुढे.
वाढली तर
असं म्हणून त्यांनी फाईलची दोरी बांधली.

देणारी माझी धाकटी बहीण, लीला, ओतूरची.
तिलाही मोजलं. लिव्हरवर चरबी निघाली.
सात किलो उतरवा, म्हणाले.
तर बाई पहाटे चारला नवऱ्याचे बूट घालून
कांद्याच्या वाफ्यांकडेनं चालते,
धापा टाकत फोन करते,
दादा, दोन उतरले.
तिला पुरे म्हणता येत नाही.
चाल, असंही म्हणता येत नाही.

आज पुन्हा बाकावर.
शेजारी वडगाव शेरीचा एक जण, चाळिशीही नसेल,
मांडीवर हेल्मेट.
त्याची गाठ तीनचीच, पण शिरेत गेलेली.
मला सगळं सांगून झाल्यावर विचारतो,
काका, तुमची किती?

आतून नुकताच आलो होतो.
चार पॉइंट तीन.
स्वतःच्या डोळ्यांनी रेघ बघितली होती,
दोन्ही टोकं नीट बसलेली.

सहा, मी म्हणालो.

त्यानं मान हलवली, जरा सरकून मला जागा दिली,
जागा होती तरी.
सरोज माझ्याकडे बघत राहिली,
मग पर्सची चेन लावून उठली.
नाशिक फाट्याची बस चुकली असती.